म्हातारा कुत्रा आणि लांबचा प्रवास: न्यायचं की ठेवायचं, हे कसं ठरवावं

गणपतीला दीड महिना उरला की आमच्या घरी एकच विषय चालतो: या वर्षी गुंड्याला गुहागरला न्यायचं की नाही. गुंड्या आमचा लॅब्रेडोर. पिल्लू असल्यापासून दरवर्षी गाडीत बसून कोकणात आला. खिडकीला नाक लावून बसायचा, समुद्राचा वास आला की शेपटी सीटवर बडवायचा. आता त्याला तेरावं सरलंय.

तो अकरा वर्षांचा असताना आम्ही त्याला सवयीनं नेलं. काही विचार केला नाही, कारण आधीच्या दहा वर्षांत कधी करावा लागला नव्हता. पुण्याहून सकाळी साडेनऊला निघालो आणि संध्याकाळी सहाला पोहोचलो. वाटेत तो ना भुंकला, ना ओकला, म्हणून प्रवास छान झाला असं आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत पडल्या जागेवरून उठेना. पुढचे पाय रोवायचा, मागचे जागचे हलायचे नाहीत. गाडी धुताना मला मागच्या सीटच्या रेक्झिनवर त्याच्या नखांचे लांब लांब ओरखडे दिसले, एकाच दिशेनं ओढलेले. कुंभार्ली घाटाच्या प्रत्येक वळणाला तो चारही पाय ताठ करून स्वतःला सावरत होता आणि आम्ही पुढे बसून गाणी ऐकत होतो.

तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. ज्यांचा कुत्रा पहिल्यांदाच म्हातारा होतोय त्यांच्यासाठी. माणूस गाडीत बसला की विसावतो, पाठ टेकतो, पेंगतो. कुत्र्याला टेकायला पाठ नसते आणि धरायला हात नसतात. त्याच्यासाठी आठ तासांचा प्रवास म्हणजे आठ तासांचं काम. ते काम या शरीराला झेपेल का, हे बघायचं. वाढदिवस किती झाले, याला त्यापुढे फारसा अर्थ नाही.

आधी घरात बसून एक प्रश्न सोडवा

कशासाठी नेतोय? याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यावं. ‘त्याला समुद्र आवडतो’ हे उत्तर असेल, तर गेल्या वर्षी तो समुद्रावर किती वेळ चालला ते आठवा. ‘आपल्याशिवाय तो राहत नाही’ हे असेल, तर कधी ठेवून पाहिलंय का? ‘ठेवायला कोणी नाही’ हे सगळ्यात खरं आणि सगळ्यात जास्त घरांतलं उत्तर असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग तो अडचणीतून काढलेला मार्ग आहे हे मान्य करून तयारी दुप्पट करायला हवी.

मुक्कामाचे दिवसही मोजा. जायला आठ तास, यायला आठ तास आणि मध्ये दीड दिवस, असा बेत म्हाताऱ्या कुत्र्यासाठी नाहीच. प्रवासाचा शीण उतरायलाच त्याला एक-दोन दिवस लागतात. माझा स्वतःचा हिशेब असा की पाच तासांच्या वरचा प्रवास असेल तर किमान पाच रात्री एका जागी मुक्काम हवा. गणपती दीड दिवसाचे असतील तर गुंड्या घरी, हे आता आमच्याकडे ठरलेलं आहे.

आठवडाभर वही ठेवा

मोठ्या चणीचे कुत्रे, म्हणजे लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, सात-आठ वर्षांपासूनच म्हातारपणाकडे झुकतात. लहान चणीचे पॉमेरेनियन, डॅशुंड दहा-अकरापर्यंत तरतरीत असतात. आपली गावठी जात काटक, पण तिलाही दुखणी चुकत नाहीत. म्हणून वयापेक्षा रोजचं वागणं बघा. एक साधी वही घ्या आणि सात दिवस तारीख घालून लिहा.

झोपेतला श्वास मोजा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली झाली की एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत आकडा असावा. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हाचा आकडा धरू नका. थंड खोलीत, शांत झोपेतसुद्धा रोज तीसच्या वर जात असेल, तर प्रवासाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. हृदय किंवा फुप्फुसाचं दुखणं पुष्कळदा असं कळतं.

उठताना बघा. किती वेळ लागतो, आधी पुढचे पाय की मागचे, उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडतात. फरशीवर पाय घसरतो का? जिना चढताना थांबतो का? सकाळी आखडलेला असतो आणि चालल्यावर मोकळा होतो, असं असेल तर सांधे धरलेत. गाडीत सहा तास एका जागी बसल्यावर हीच अवस्था दुप्पट होऊन समोर येते.

पाणी आणि लघवी बघा. भांड्यात किती ओतलं, किती उरलं, ते मापून लिहा. पाणी अचानक जास्त पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा हार्मोनचं काही असू शकतं. दोन सू-च्या मध्ये तो किती तास आरामात थांबतो, हा आकडा वहीत नक्की हवा, कारण प्रवासातले थांबे त्यावर ठरतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याचं पाणी ‘गाडीत सू नको करायला’ म्हणून कधीही तोडू नका. यानं कुत्रे मरणाच्या दारात जातात.

आवाज ऐका. म्हाताऱ्या लॅबचा भुंकण्याचा आवाज घोगरा झाला असेल, श्वास आत घेताना घरघर होत असेल, तर घशाचा पडदा नीट उघडत नसण्याची शक्यता असते. त्याला स्वरयंत्राचा लकवा म्हणतात. घरात, पंख्याखाली असे कुत्रे ठीकठाक दिसतात. उकाडा, धावपळ, घाबरणं यात मात्र एकाएकी गुदमरतात. गुंड्याचं हेच निघालं, आणि ते माझ्या नाही, मुलीच्या कानाला कळलं. ती म्हणाली, ‘आई, हा हल्ली कुजबुजत भुंकतो.’

आणि रात्र. मध्यरात्री उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबतो, ओळखीच्या खोलीत वाट चुकतो, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला असतो: माणसांच्या विस्मरणासारखं हे कुत्र्यांनाही होतं. अशा कुत्र्याचा निम्मा आधार त्याचं घर असतं. पाण्याचं भांडं कुठे, गादी कुठे, दार कुठे, हे त्याच्या पायांना पाठ असतं. नव्या घरात तो आधारच जातो.

वही घेऊन डॉक्टरांकडे

प्रवासाच्या निदान महिनाभर आधी जा. ‘तब्येत बरी आहे का’ एवढंच विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच उत्तर मिळेल. स्पष्ट सांगा: इतके तास, या महिन्यात, असा घाट, तिथे इतके दिवस. मग डॉक्टर हृदय वेगळ्या कानानं ऐकतात. मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी सहा महिन्यांत झाली नसेल तर करून घ्या.

रेबीजची लस चालू आहे का आणि वार्षिक लशीत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) भाग आहे का, हे विचारा. पावसाळ्यात कोकणात साचलेलं पाणी, शेतं, उंदीर-घुशी सगळं असतं, आणि लेप्टो उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो. लस चुकलेली असेल तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. हेही महिनाभर आधी जाण्याचं एक कारण. गोचिडांसाठी गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध घ्या. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधीच सांगा, कारण गोचिडांच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत.

गाडी लागत असेल तर त्यावर मारोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे. डॉक्टर वजन बघून देतील. गुंगीच्या औषधाबद्दल मात्र दहादा विचार करा. ‘एक गोळी द्या, झोपून येईल’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. जुन्या पद्धतीच्या गुंगीनं कुत्रा गप्प होतो, पण भीती तशीच राहते. रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही आणि वळणावर तोल जातो. चिंता कमी करणारी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांनी दिली तरच, आणि आधी घरी एकदा देऊन बघून. पहिला डोस कुंभार्लीच्या पायथ्याशी द्यायचा नाही.

आपल्या घरातली वेदनाशामक गोळी, मग ती पॅरासिटामॉल असो की आयब्युप्रोफेन, कुत्र्याला देऊ नये. ती त्याला विषासारखी ठरू शकते. त्याची स्वतःची सांधेदुखीची गोळी चालू असेल तर निघायच्या दिवशी ती कधी द्यायची, हे विचारून घ्या. ती बहुधा खाण्यासोबत द्यायची असते आणि त्या दिवशी पोट जवळपास रिकामं ठेवायचं असतं.

काही वेळा उत्तर सरळ ‘नाही’ असतं. झोपेतला श्वास जास्त आहे, खोकला आणि हृदयाचं औषध नुकतंच सुरू झालंय, गेल्या महिन्यात फिट आली, मधुमेहाची साखर अजून आटोक्यात नाही, नुकतं ऑपरेशन झालंय, किंवा मूत्रपिंडाच्या त्रासानं खाणं सुटलंय. यातलं एकही असेल तर पुढचं वाचण्याआधी शेवटचा भाग वाचा. पग, बुलडॉग, शिह त्झूसारखा चपट्या नाकाचा कुत्रा म्हातारा असेल आणि महिना एप्रिल-मे असेल, तर मी त्यालाही याच यादीत धरते.

तीन फेऱ्या करून बघा

हा टप्पा लोक गाळतात आणि खरा निकाल इथेच लागतो. पहिली फेरी पंधरा मिनिटांची, घराभोवतीच. दुसरी तासाभराची. तिसरी तीन तासांची, थोडा घाट असलेली. आम्ही पहाटे निघून खंबाटकी ओलांडून सुरूरपर्यंत जातो, तिथे त्याला फिरवतो आणि परत येतो. मुंबईकरांना त्यासाठी बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत येऊन परतता येईल.

एका माणसानं मागे बसून फक्त कुत्र्याकडे बघायचं. मोबाइल खिशात. सारखा ओठ चाटतो, जांभया देतो, लाळ गळते, एसी असूनही धापा टाकतो, थरथरतो, बसतच नाही, ही सगळी सांगण्याची भाषा आहे. जांभई म्हणजे झोप आली, असं आपण समजतो. गाडीत कुत्रा एकामागून एक जांभया देत असेल तर तो बेचैन आहे. याउलट अर्ध्या तासात मान खाली टाकून, कुशीवर पाय सोडून झोपला, तर त्याला जमतंय.

घरी आल्यावर निकाल संपत नाही. तासाभरात नेहमीसारखं खाल्लं का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला किती वेळ लागला? वहीतला आधीचा आकडा काढून ताडून बघा. तीन तासांच्या फेरीनंतर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आखडलेला असेल, तर आठ तासांचं काय होईल ते समजून घ्या आणि बेत बदला.

गाडी लावायची कशी

मागच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा हा म्हाताऱ्या कुत्र्याचा शत्रू. ब्रेक लागला की तो त्या खड्ड्यात जातो. ती जागा बॅगांनी किंवा पुठ्ठ्याच्या घट्ट खोक्यांनी सीटच्या उंचीपर्यंत भरून काढा. वर पातळ गादी, त्यावर योगा मॅट, त्यावर त्याची रोजची, न धुतलेली गोधडी. मॅटमुळे गादी सरकत नाही आणि गोधडीला घराचा वास असतो. ओरखडे पाहिल्यानंतर आम्ही हे केलं आणि बाराव्या वर्षी तो उंब्रजपर्यंत घोरत आला.

छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही. म्हाताऱ्या पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक झालेली असते, त्याला तर फिरतानासुद्धा हार्नेसच हवा. पुढच्या सीटवर, मांडीवर घेऊन बसू नका. एअरबॅग उघडली तर कुत्रा आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

चढवताना उडी नको आणि उतरताना तर अजिबात नको, कारण उतरण्याचा सगळा भार पुढच्या खांद्यांवर येतो. लाकडी फळीवर पायपुसणं खिळ्यांनी ठोकून उतरण करता येते. उचलायचं असेल तर एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली, पाठ सरळ राहील असं. पुढचे पाय धरून ओढू नका. मागचे पाय अशक्त असतील तर जुना टॉवेल पोटाखालून झोळीसारखा घ्या, दोन्ही टोकं वर एका हातात धरा आणि त्याच्या चालीनं चाला.

खिडकीला सूर्यपडदा, एसीचा झोत थेट अंगावर नाही, गाणी बारीक. एक कापडी पिशवी पुढे हाताशी: घरचं पाणी, पसरट भांडं, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, डिजिटल थर्मामीटर, जुने टॉवेल, लसीचं पुस्तक. इन्सुलिन असेल तर ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं, आणि बर्फाला थेट लागून गोठताही कामा नये. कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा.

निघायची वेळ आणि वाट

पहाटे चार-साडेचारला निघा. उन्हाळा असो की पावसाळा, म्हाताऱ्या कुत्र्याचे पहिले चार तास गारव्यात जावेत. रात्री आठच्या आत हलकं जेवण द्या. पहाटे फक्त पाणी, किंवा औषधापुरता मूठभर दहीभात. भरल्या पोटी घाट नको.

वाट निवडताना किलोमीटर मोजू नका, वळणं आणि खड्डे मोजा. आम्ही सातारा रस्त्यानं उंब्रजला वळतो, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरून चिपळूण गाठतो. ताम्हिणीनं माणगावला उतरून पुढे जाता येतं, पण त्या घाटाची वळणं सुरुवातीलाच येतात आणि गाडी लागणारा कुत्रा तिथेच खचतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची जी रांग लागते, त्या रांगेत म्हाताऱ्या कुत्र्याला अडकवू नका. चार दिवस आधी निघता येत नसेल तर त्याला नेऊ नका, इतकं मी स्पष्ट सांगते.

दर दीड-दोन तासांनी थांबा, पंधरा मिनिटं. ढाब्यापेक्षा पेट्रोल पंपाची मागची बाजू बरी, कारण ढाब्यावर तिथल्या कुत्र्यांची टोळी असते आणि म्हाताऱ्याला ना पळता येतं, ना लढता येतं. दार उघडण्याआधी पट्टा हातात. ऐकू कमी येणारा कुत्रा हायवेवर सुटला तर तुमच्या हाकेचा उपयोग नसतो. आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहू द्या, मग सावकाश चालवा, मग पाणी. सू झाल्याशिवाय घाई करून परत बसवू नका. त्यालाही वेळ लागतो, जसा घरातल्या मोठ्यांना लागतो.

चहा आळीपाळीनं प्या. बंद गाडीत त्याला एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. बाहेर तीस अंश असेल तर उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत चाळीसच्या आसपास जातं आणि काच चार बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप हाच त्याचा पंखा, आणि म्हातारपणी तो आधीच मंद झालेला असतो.

उष्माघात ओळखा: न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या खाणारी, मग उलटी-जुलाब. कुत्र्याचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की एक मिनिट वाया घालवू नका. सावली, एसी, साधं गार पाणी पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. 103 ला आलं की पाणी ओतणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मोठ्या चणीच्या कुत्र्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: पोट ढोलासारखं फुगलंय, ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. ही तासांची गोष्ट आहे, उद्या सकाळपर्यंत थांबण्याची नाही.

यासाठी निघण्याआधीच वाटेतल्या दवाखान्यांची यादी करा. सातारा, कराड, चिपळूणसारख्या ठिकाणी लहान प्राण्यांचे खासगी डॉक्टर आहेत. फोन करून वेळ, रविवार, रात्री बघतात का ते विचारा. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथले डॉक्टर मुख्यतः गुराढोरांचं काम करतात, पण अडीनडीला सलाइन आणि इंजेक्शन तिथेच मिळतं. गावातल्या एखाद्या दूधवाल्याकडे त्यांचा नंबर नक्की असतो.

पोहोचल्यावर

पहिला दिवस पाहुण्यांना त्याच्यापासून लांब ठेवा. घरातली सर्वांत शांत, तळमजल्यावरची खोली त्याची. आमच्या जाऊबाई माजघरालगतची कोठीची खोली रिकामी करून देतात, तिथे ढोल-ताशाचा आणि फटाक्यांचा आवाज निम्मा होतो. शेणानं सारवलेली जमीन त्याच्या पायांना फरशीपेक्षा बरी, घसरत नाही. अंगणातल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे मात्र धरून न्या. रात्री बारीक दिवा चालू ठेवा.

संध्याकाळी गवतात मोकळा सोडू नका. कोकणात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत आणि नजर मंदावलेला कुत्रा थेट तोंड घालतो. गोठ्याच्या आसपास गोचीड असतात. रोज रात्री कानाच्या आतून, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचीडतापानं म्हातारा कुत्रा फार लवकर खाली बसतो.

आणि प्रसाद. घरात येणारा प्रत्येक माणूस प्रेमानं त्याच्या पुढ्यात काहीतरी टाकतो. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि पंचखाद्यात, शिऱ्यात, मोदकाच्या सारणात मनुका असू शकतात. कांद्याची भाजीही नको. आम्ही त्याच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात ‘गुंड्याचं खाणं फक्त आम्ही देतो’ असं लिहून लावतो आणि येणाऱ्याला हात जोडून सांगतो. एकदा सांगितलं की लोक ऐकतात.

न नेण्याचं ठरलं तर

या वर्षी गुंड्या येणार नाही. तिसऱ्या फेरीत, सुरूरहून परतताना, गार गाडीत, पहाटे, तो घरघरत धापा टाकायला लागला आणि घरी येऊन अर्धा तास थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, घाटातल्या कोंडीत हे झालं तर तुमच्या हातात काही नसेल. मी त्या रात्री रडले. मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. पहिले तीन दिवस नवरा गुहागरला, मी घरी. गौरी आल्या की मी जाणार, तो परत येणार. सासूबाई म्हणाल्या, ‘देवाला दोघांनी मिळून एकदम यायला हवं असं नाही गं.’

असं आलटून-पालटून जमणार नसेल, तर म्हाताऱ्या कुत्र्यासाठी अनोळखी बोर्डिंगपेक्षा ओळखीचा माणूस त्याच्या स्वतःच्या घरात येऊन राहणं बरं. बोर्डिंगमध्ये भुंकणारे शेजारी, थंड फरशी आणि बदललेल्या वेळा असतात. बोर्डिंग हाच मार्ग असेल तर रात्री तिथे माणूस झोपतो का, औषध कोण देतं, जवळचा डॉक्टर कोण, हे जाऊन, बघून ठरवा. आधी एक रात्र ठेवून बघा. डॉक्टरांकडे थोडे पैसे आगाऊ द्या आणि सांभाळणाऱ्याला ‘माझी वाट न बघता उपचार सुरू करा’ असं लेखी देऊन ठेवा.

आणि एक कागद फ्रिजवर लावा. औषधांच्या वेळा, खाण्याचं माप, डॉक्टरांचा नंबर तर हवाच. पण त्याखाली ते लिहा जे फक्त तुम्हाला माहीत आहे. आमच्या कागदावर हे आहे: भांडं उंच पाटावर ठेवायचं, मान खाली जात नाही. डाव्या बाजूनं हात लावायचा नाही, तिकडचं दिसत नाही, दचकतो. सकाळी उठवायचं नाही, तो उठला की पाठीवरून कंबरेपर्यंत हात फिरवायचा, मग चालतो. रात्री अडीचच्या सुमारास उठतो आणि बाल्कनीच्या दारापाशी उभा राहतो. बाहेर जायचं नसतं. दिवा लावायचा, जवळ जाऊन उभं राहायचं. थोड्या वेळानं पाणी पितो आणि आपला आपण गादीवर जातो.